धूसरपणाचा हिशेब

माझ्या कामाचा विषय धूसरपणा हा आहे. आभासी वास्तवाच्या हेडसेटमधले पडदे अधिक रेखीव आणि अधिक लखलखीत कसे होतील यासाठी अनेक हुशार माणसे राबत असताना, त्याच पडद्यांवर योग्य जागी, योग्य प्रमाणात आणि योग्य रंगाचा धूसरपणा कसा आणायचा या प्रश्नावर मी नोकरीची बहुतेक वर्षे घालवली आहेत. नातेवाईक मंडळींना हे सांगितले की ती क्षणभर थांबतात आणि मग प्रकृतीची चौकशी करतात. म्हणून एकदा हे सारे सविस्तर लिहून काढावे असे ठरवले.

आधी एक छोटी गोष्ट करून पाहा. तर्जनी चेहऱ्यासमोर साधारण वीतभर अंतरावर उभी धरा आणि तिच्या टोकावरच्या बारीक रेषांकडे पाहा. आता नजर न हलवता, बोटाच्या मागे जे काही आहे त्याकडे केवळ लक्ष द्या. मागची वस्तू दोन ठिकाणी दिसेल आणि ती दोन्ही ठिकाणी पुसट असेल. मग नजर त्या मागच्या वस्तूवर न्या. ती एक होते, स्पष्ट होते, आणि बोट मात्र दुभंगून अर्धपारदर्शक होते. एवढ्या वेळात डोळ्यांनी दोन कामे केली. बोटाकडे पाहताना दोन्ही बुबुळे नाकाच्या दिशेने आत वळली आणि त्याच वेळी प्रत्येक डोळ्यातील नेत्रभिंग भोवतालच्या स्नायूच्या आकुंचनामुळे जाड झाले; दूर पाहताना बुबुळे परत बाहेर आली आणि भिंग पसरट झाले. पहिल्या क्रियेला पाठ्यपुस्तकात अभिसरण म्हणतात आणि दुसरीला समायोजन. हे दोन्ही शब्द मला फारसे आवडत नाहीत, त्यामुळे इथे मी नुसते डोळ्यांचे वळणे आणि भिंगाचे जुळणे असे म्हणेन.

महत्त्वाची बाब अशी की या दोन क्रिया मेंदूत एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक डोळा हाताने झाकला आणि उघड्या डोळ्याने दूरवरून जवळ पाहिले, तर झाकलेला डोळाही हाताआड आत वळतो, जरी त्याला पाहण्यासारखे काहीच नसते. ही गाठ बसण्याचे कारणही सरळ आहे. प्रत्यक्ष जगात जी वस्तू जवळ असते ती दोन्ही अर्थांनी जवळ असते. डोळे जिथे वळतात तिथेच भिंगाला जुळावे लागते, त्यामुळे एका क्रियेने दुसरीला परस्पर इशारा दिला तर वेळ वाचतो.

हेडसेट ही गाठ नेमकी सोडू पाहतो. त्याच्या आत डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर पडदे असतात. इतक्या जवळचे काहीही मोठ्या माणसाला स्पष्ट दिसणे अशक्य, म्हणून मध्ये भिंग बसवतात आणि त्या भिंगामुळे पडद्याची प्रतिमा बऱ्याच हेडसेटमध्ये सुमारे दीड-दोन मीटरवर असल्यासारखी भासते. आभासी जगात डोंगर असो की तळहातावर बसलेले फुलपाखरू असो, प्रकाश येतो तो त्या एकाच अंतरावरून आल्यासारखा. डाव्या आणि उजव्या डोळ्याला किंचित वेगळी चित्रे दाखवून डोळ्यांना हव्या त्या अंतरावर वळवता येते, पण भिंगाला मात्र त्याच एका ठिकाणी रोखून धरावे लागते.

हा ताण किती, हे पाहण्यासाठी मीटर हे माप सोडावे लागते. चष्म्याचा नंबर ज्या एककात सांगतात ते डायॉप्टर येथे उपयोगी पडते, कारण डायॉप्टर म्हणजे एक भागिले मीटरमधले अंतर. दोन मीटर म्हणजे अर्धा डायॉप्टर, एक मीटर म्हणजे एक, तीस सेंटिमीटर म्हणजे सुमारे ३.३, आणि अनंत अंतर म्हणजे शून्य. दोन बाहुल्यांमधले सरासरी अंतर मोठ्या माणसांत ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. त्या हिशेबाने दोन मीटरवरच्या वस्तूकडे पाहताना दोन नजरांमधला कोन जेमतेम १.८ अंश असतो, तर तीस सेंटिमीटरवर तो १२ अंशांपर्यंत जातो. हेडसेटमध्ये ते फुलपाखरू चेहऱ्याजवळ आले की डोळे १२ अंश वळतात, वळताना भिंगाला ३.३ डायॉप्टरचा निरोप देतात, आणि भिंगाने तो निरोप ऐकला की चित्र पुसट होते, कारण पडद्याची प्रतिमा अजून ०.५ वरच बसलेली आहे. मग भिंग मागे येते, डोळ्यांना मागे खेचू लागते, आणि ही ओढाताण पाहणारा जोवर पाहतो आहे तोवर चालते. साधारण अर्ध्या डायॉप्टरपर्यंतची तफावत बहुतेकांना जाणवत नाही. दोन मीटरवरून अर्धा डायॉप्टर मागे गेलो तर आपण थेट अनंतापर्यंत पोहोचतो, पण पुढे अर्धा डायॉप्टर आलो तर फक्त एक मीटरपर्यंत येतो. म्हणजे क्षितिज, डोंगर, इमारती, समोरच्या खोलीची भिंत हे सगळे सुखाचे आहे. जे त्रासाचे आहे ते नेमके हाताच्या अंतरात आहे. आणि माणूस हेडसेट घातल्यावर सर्वात आधी काय करतो, तर हात पुढे करतो.

ही अडचण नव्या यंत्रांची आहे असा समज होतो, पण ती पहिल्या यंत्राइतकीच जुनी आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला आरशांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दाखवणारे यंत्र, मांडला, तेव्हा छायाचित्रणाचा शोध अजून जाहीर झालेला नव्हता. त्यांनी वापरली ती नुसती रेषाचित्रे, आणि तीही मुद्दाम, कारण छायाप्रकाश आला असता तर खोलीचा, म्हणजे जवळ-दूरपणाचा, भास कशामुळे झाला हे सांगता आले नसते. दोन डोळ्यांना मिळणाऱ्या चित्रांतील लहानसा फरकच खोलीची जाणीव देतो, हे त्यांनी त्या साध्या रेषांतून दाखवले. १८५२ सालच्या दुसऱ्या निबंधात त्यांनी आणखी पुढे जाऊन यंत्राच्या बाजू फिरवल्या, म्हणजे चित्राचा आकार तोच ठेवून डोळ्यांचे वळणे तेवढे बदलले, आणि नोंदवले की डोळे जास्त वळले की तेच चित्र लहान दिसू लागते. डोळ्यांच्या वळण्यावरून मेंदू अंतर ठरवतो आणि त्या अंतरावरून आकार ठरवतो, हे त्यातून उघड झाले. आम्ही आज जे मोजतो त्यातला निम्मा भाग त्या फिरत्या बाजूंमध्ये होता, असे मला ते वाचताना दर वेळी वाटते. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर घालायचा संगणकी डिस्प्ले बनवला तेव्हा छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याने डोक्याची हालचाल मोजून चित्र बदलण्याची सोय झाली, पण भिंगाच्या जुळण्याचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

तो प्रश्न नीट मोजला गेला २००८ साली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मार्टिन बँक्स यांच्या गटाने असे उपकरण वापरले की ज्यात तीन वेगवेगळ्या अंतरांवर प्रतिमा उभ्या करता येत. त्यामुळे डोळ्यांना हवे ते वळण देऊन भिंगाला त्याच अंतरावर जुळू देणे किंवा न देणे, दोन्ही शक्य झाले. दोन्ही अंतरे जुळत होती तेव्हा लोकांना दोन चित्रे एकत्र करून आकृती ओळखायला कमी वेळ लागला, जवळ-दूरचे बारीक फरक जास्त चांगले कळले आणि थकवा कमी जाणवला. आधी अनेकांनी त्रिमिती पडद्यांमुळे डोळे दुखतात असे म्हटले होते, पण त्या दुखण्यामागे पडद्याची चमक, मांडणीतली चूक, दोन चित्रांतली गडबड अशी दहा कारणे असू शकत होती. या प्रयोगात फक्त एकच गोष्ट बदलली होती. चांगला प्रयोग कसा असतो हे विद्यार्थ्यांना सांगायचे असले की मी अजूनही हाच पुढे करते.

आता प्रयोगशाळेत आमचा दिवस कसा जातो ते सांगते, कारण आभासी वास्तवावर संशोधन म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र येते त्याच्याशी याचा फारसा संबंध नाही. खोली काळ्या रंगाची, खिडकी नसलेली. टेबलावर दोन आरसे, काही भिंगे, दोन लहान पडदे, आणि मध्ये एक आडवी धातूची पट्टी, जिला आम्ही बाइट बार म्हणतो. दंतवैद्य कवळीचे माप घेण्यासाठी जो लगदा वापरतात तोच या पट्टीवर लावून प्रत्येक सहभागी व्यक्तीच्या दातांचा ठसा घेतला जातो. प्रयोगात ती व्यक्ती आपला ठसा दातांत धरून बसते, म्हणजे डोके मिलिमीटरभरही हलत नाही. कपाटात अशा ठशांची रांग आहे, प्रत्येकावर एक क्रमांक. कोणाचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे मला त्यांच्या चेहऱ्याआधी आठवते.

मग प्रश्न सुरू होतात. डाव्या बाजूची रेघ जवळ की उजव्या बाजूची? पहिले चित्र जास्त खरे की दुसरे? उत्तर दोनपैकी एकच द्यायचे, "माहीत नाही" हा पर्यायच नाही. अंदाजाने उत्तर दिले तर निम्मी उत्तरे बरोबर येणार, नक्की दिसत असेल तर सगळी. या दोहोंच्या मध्ये, चारपैकी तीन उत्तरे बरोबर येतात त्या ठिकाणी, त्या माणसाच्या दृष्टीचा उंबरठा आहे असे आम्ही धरतो. गुस्ताव्ह फेक्नर यांनी १८६० साली मनाच्या मोजमापाचे जे शास्त्र मांडले, त्याची ही पुढची पिढी. लोकांना वाटते की "तुम्हाला काय दिसले" हे विचारणे सोपे आहे. प्रत्यक्षात माणसे अत्यंत प्रामाणिकपणे चुकीचे सांगतात. आपल्याला काहीच कळत नव्हते, नुसती बटणे दाबत होतो, असे सांगून जाणाऱ्या व्यक्तीची दहापैकी नऊ उत्तरे बरोबर निघतात, आणि अगदी आत्मविश्वासाने बसलेला माणूस नाणेफेकीहून वेगळा नसतो. म्हणून आम्ही मत विचारत नाही, निवड करायला लावतो, आणि तीही शेकडो वेळा.

भिंग किती जुळले हे मात्र कोणालाही विचारून कळत नाही. ते यंत्राने मोजावे लागते. चष्म्याचा नंबर काढताना हनुवटी टेकवून ज्या यंत्रात पाहायला लावतात, आणि ज्यात बहुधा सरळ रस्त्याच्या टोकाशी एक रंगीत फुगा दिसतो, त्याच जातीचे आमचेही यंत्र आहे. ते अवरक्त प्रकाश डोळ्यात सोडून दृष्टिपटलावरून परत आलेल्या किरणांवरून भिंगाची स्थिती काढते. तो फुगा मधेच पुसट होतो हे अनेकांनी पाहिले असेल आणि यंत्र बिघडले आहे असे मानले असेल. ते हेतुपुरस्सर असते. स्पष्ट चित्र दाखवले तर डोळा धडपडून जुळवून घेतो आणि नंबर चुकतो. चित्र हलकेच धूसर केले की भिंग धडपड सोडून सैल पडते. धूसरपणाला एक दिशा असते आणि डोळा तिला उत्तर देतो, हे इतक्या साध्या जागी लिहून ठेवलेले आहे.

या दिशेचा शोध घेतानाच मी एकदा सपशेल फसले. चित्रात योग्य धूसरपणा घातला तर डोळे आभासी वस्तूकडे अधिक वेगाने वळतात का, हे मला पाहायचे होते. कॅमेऱ्याने दोन्ही बाहुल्यांचे केंद्र टिपायचे आणि त्यावरून वळण्याचा कोन काढायचा, ही रूढ पद्धत मी घेतली. निकाल देखणा आला. वस्तू जवळ आणली की दोन्ही डोळे व्यवस्थित आत वळत होते, किंबहुना गणिताने सांगितले त्याहून जरा जास्तच वळत होते, आणि त्या जास्तीच्या वळण्याचे स्पष्टीकरण देणारा अर्धा लेख मी लिहूनही टाकला होता.

एका संध्याकाळी पडद्यावरची वस्तू एका जागी स्थिर ठेवून मी नुसता तिचा उजेड वाढवला, आणि आलेखावर डोळे आत वळले. वस्तू जवळ आलीच नव्हती. झाले होते ते असे की प्रयोगात वस्तू जवळ येताना मोठी दिसत होती, मोठी झाल्यामुळे डोळ्यात अधिक प्रकाश जात होता, अधिक प्रकाशाने बाहुली आकुंचन पावत होती, आणि बाहुली लहान होताना तिचे केंद्र आपल्या जागी राहत नाही तर जरासे नाकाकडे सरकते. दोन्ही डोळ्यांत केंद्र नाकाकडे सरकले की कॅमेऱ्याला ते डोळे आत वळल्यासारखेच दिसते. शिवाय लहान बाहुलीतून पाहताना सगळेच कमी पुसट दिसते, त्यामुळे मी मोठ्या कष्टाने रंगवलेल्या धूसरपणाला डोळ्याच्या आतून कात्री लागत होती ती वेगळीच. दोन महिन्यांची मोजमापे बाजूला ठेवावी लागली. ती मी पुसली नाहीत. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात तोच संच देते आणि यात काय शोध लागला आहे ते शोधा म्हणते. बहुतेक जण माझा तोच अर्धा लेख नव्याने लिहून आणतात.

यानंतर मी बाहुलीचा व्यास प्रत्येक प्रयोगात स्वतंत्रपणे मोजू लागले आणि धूसरपणाकडेही जरा अधिक आदराने पाहू लागले. संगणकावर धूसर चित्र काढायचे म्हणजे सामान्यतः प्रत्येक बिंदू गोलाकार पसरवायचा. डोळा असे करत नाही. डोळ्याचे भिंग निळा प्रकाश जास्त वळवते आणि तांबडा कमी. दृश्य प्रकाशाच्या दोन टोकांत हा फरक तब्बल दोन डायॉप्टरचा असतो. कोणत्याही क्षणी एखादा रंग दृष्टिपटलावर नीट बसलेला असतो तेव्हा बाकीचे थोडे पुढे किंवा थोडे मागे असतात. त्यामुळे पांढऱ्या-काळ्या धारेची किनार, भिंग अलीकडे जुळले आहे की पलीकडे यानुसार, वेगळ्या रंगाने पसरते. आपल्याला ती जाणवत नाही, कारण मेंदू जन्मभर तिला वगळत आला आहे. पण वगळण्यापूर्वी तिचा उपयोग करून घेतो. फिंचम यांनी १९५१ सालीच दाखवले होते की एकाच रंगाच्या प्रकाशात अनेकांचे भिंग नीट जुळत नाही. नुसते "पुसट आहे" एवढे कळून उपयोग नसतो, कोणत्या दिशेला जायचे हेही कळावे लागते, आणि ते ही रंगीत किनार सांगते.

२०१७ साली बर्कली आणि डरॅम येथील संशोधकांनी चित्र रंगवतानाच डोळ्याचा हा दोष त्यात हिशेबाने मिसळला. तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन थर वेगवेगळ्या मापाने धूसर केले, आणि पडद्यावरच्या या रंगवलेल्या धूसरपणाने भिंगाला जवळजवळ तसेच हलवले जसे खऱ्या अंतरातल्या बदलाने हलवले असते. तिन्ही रंग सारखे धूसर केले तर तसे होत नाही. मी हे स्वतः बांधून पाहिले तेव्हा सर्वात मजेची गोष्ट ही होती की चित्र जवळून निरखले तर कडांवर रंग सांडल्यासारखे बेढब दिसते, आणि योग्य जागेवरून पाहिले तर रंग दिसत नाही, फक्त वस्तू तिथे आहे असे वाटते. चांगल्या चित्रकाराच्या फटकाऱ्यांबद्दल असे म्हणतात. पण इथे फटकारा मारणारे भिंग पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे.

धूसरपणा अंतरही सांगतो, आणि अंतरातून आकार. उंचावरून काढलेल्या शहराच्या छायाचित्राचा वरचा आणि खालचा भाग जास्त पुसट केला की ते शहर खेळण्यातले वाटू लागते, हा प्रकार फोनवर अनेकांनी करून पाहिला असेल. त्याचे कारण असे की मागे-पुढे असलेल्या वस्तूंमध्ये इतका मोठा फरक फक्त अगदी जवळचे दृश्य पाहतानाच पडतो. शहराला इतका धूसरपणा शोभत नाही. टेबलावरच्या प्रतिकृतीला शोभतो. मेंदू हे गणित करतो आणि इमारती बोटभर उंचीच्या करून टाकतो. २०१० साली याच परिणामाची गणिती मांडणी झाली. हेडसेटमध्ये उलट घडते. तिथे जवळच्या वस्तूच्या मागचे सगळे लख्ख असते, आणि जवळ असूनही काहीच धूसर नाही हे दृश्य आपल्याला निसर्गात फारसे कधी भेटत नाही. आभासी खोलीतील वस्तू हातात घेतल्यावर ती नेमकी कुठे आहे याबद्दल जी एक अस्पष्ट शंका राहते, तिच्यात या अतिस्पष्टपणाचा वाटा आहे असे माझे मत आहे. इतर वाटेही आहेत. आभासी जगात पायी चालून दाखवायला सांगितले तर लोक अंतर कमी धरतात हे अनेक प्रयोगांत दिसले आहे आणि त्यामागे हेडसेटच्या वजनापासून दृष्टिक्षेत्राच्या कडांपर्यंत बरेच काही आहे.

उपाय म्हणून पुढे आलेली सर्वात सरळ कल्पना म्हणजे नजरेचा माग काढायचा आणि माणूस जिथे पाहतो आहे त्या अंतरावर हेडसेटचे भिंग किंवा पडदा सरकवायचा. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला हे अशक्य वाटले होते. नजर टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची वळण्याच्या कोनातील चूक एक अंश असणे काही विशेष नाही, आणि दोन मीटरवर तो कोनच मुळात १.८ अंश आहे. एका अंशाच्या चुकीने यंत्राला वस्तू १.३ मीटरवर वाटेल किंवा ४.५ मीटरवर. मात्र हाच हिशेब डायॉप्टरमध्ये मांडला की एक अंशाची चूक म्हणजे सुमारे ०.२८ डायॉप्टर, आणि डोळ्याला एवढा फरक सहसा कळतही नाही. विशेष म्हणजे ही ०.२८ जवळ असो की दूर, जवळपास तेवढीच राहते. मीटर ही माणसाची सोय आहे, डोळा ती जुमानत नाही. हे कागदावर सुटले त्या दिवशी मी बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत बसले होते. प्रत्यक्षात मोटर सरकताना चित्राचा आकार बदलू नये, आवाज होऊ नये, वजन वाढू नये अशा कटकटी उरतातच, आणि मी वर सांगितलेली बाहुलीही आपले खेळ करतेच.

सगळाच धूसरपणा हवाहवासा असतो असे मात्र नाही. सेकंदाला ९० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एक चित्र ११ मिलिसेकंद टिकते. डोके सेकंदाला १०० अंश या वेगाने वळवले, जे काही फार जोरात नाही, तर आंतरकर्णातील वेगसंवेदकाच्या इशाऱ्यावर डोळे तितक्याच वेगाने उलट फिरतात आणि आभासी वस्तूवर नजर खिळवून ठेवतात. पण पडद्यावरचे चित्र त्या ११ मिलिसेकंदांत डोक्याबरोबर १.१ अंश वाहून जाते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंदीचा फराटा दृष्टिपटलावर उमटतो. हा धूसरपणा निव्वळ घाण आहे, आणि त्यावरचा उपाय असा की प्रत्येक चित्र दोनेक मिलिसेकंद चमकवायचे आणि उरलेला वेळ पडदा काळा ठेवायचा. हेडसेटमध्ये पाहताना बराच काळ आपण अंधारात असतो, हे सांगितले की लोकांचा विश्वास बसत नाही.

दृष्टीच्या कडांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. डोळ्याच्या मध्यभागी, अंशभर रुंदीच्या भागात, आपण अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, वेगळी ओळखू शकतो. तेवढी बारकाई शंभर अंश रुंद पडद्यावर सर्वत्र द्यायची तर प्रत्येक डोळ्यासाठी आडवे सहा हजार बिंदू लागतील. म्हणून नजर जिथे आहे तिथेच बारीक रंगवायचे आणि बाकी ठिकाणी ढोबळ, अशी युक्ती निघाली. तिचे वर्णन "डोळ्याला कडेचे धूसर दिसते, म्हणून धूसर रंगवा" असे सर्रास केले जाते आणि मला ते खटकते. या वाक्यावर बोट ठेवा आणि त्याच्या चार ओळी वरचा शब्द कडेच्या नजरेने वाचायचा प्रयत्न करा. तिथे शाई पुसट झालेली नाही, अक्षरे आहेत, काळीभोर आहेत, पण ती एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणते कुठे सुरू होते ते सुटत नाही. हर्मन बाउमा यांनी १९७० साली याचे माप दिले: नजरेपासून अक्षर जितके दूर, त्याच्या साधारण निम्म्या अंतराच्या आत दुसरे अक्षर आले तर पहिले वाचता येत नाही. ही गर्दी आहे, धूसरपणा नव्हे. कडेचे चित्र नुसते धूसर केले तर त्यातला काळ्या-पांढऱ्याचा भेद मरतो आणि माणसाला नळीतून पाहिल्यासारखे वाटते. तो भेद परत भरून काढला तर बारकावा बराच कमी करूनही कोणाच्या लक्षात येत नाही.

या सर्व वर्षांत माझ्या सर्वच प्रयोगांत पहिली सहभागी व्यक्ती मीच असे. नवी मांडणी झाली की आधी स्वतः ठसा दातांत धरून बसायचे, तासभर बटणे दाबायची आणि मगच दुसऱ्या कोणाला बोलवायचे, हा शिरस्ता. कपाटातला क्रमांक एकचा ठसा माझा आहे. गेल्या वर्षी नव्या मांडणीची चाचणी घेताना भिंगाचा आलेख पडद्यावर आला आणि मला वाटले तार निघाली असावी. चित्रातला धूसरपणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत होता, आणि खालची रेघ सरळ होती. तार लागलेली होती. मला चाळिशी लागली होती. पन्नाशीच्या आतबाहेर नेत्रभिंग इतके ताठर होते की स्नायूने कितीही ओढले तरी ते फारसे फुगत नाही, हे मी वर्गात शिकवते.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. जवळच्या आभासी वस्तूंनी पूर्वी दहा मिनिटांत माझ्या कपाळात जी कळ उठायची, ती आता उठत नाही. भिंग एकाच अंतरावर अडकले आहे आणि हेडसेटही एकाच अंतरावर अडकलेला आहे. डोळे एकटेच वळतात आणि त्यांना ओढणारे कोणी उरलेले नाही. ज्या विसंगतीवर मी इतकी वर्षे काम केले ती माझ्यापुरती मिटली आहे.

आता ठसा दातांत धरून बसते ती माझी विद्यार्थिनी, आणि मी आलेखापुढे. परवा तिच्या रेघेत एक स्वच्छ चढ आला, ०.५ वरून वर गेला आणि तिथेच थांबला. तिने ठसा सोडून विचारले, "मॅडम, आत्ता अंतर बदललंत का? मला काही कळलं नाही, नुसतं सगळं जागेवर बसल्यासारखं वाटलं." मी वहीत वेळ लिहिली, आणि उत्तर न देता तिला पुढच्या प्रश्नाचे बटण दाबायला सांगितले, कारण अजून तीनशे चाळीस राहिले होते.